मल्लूआण्णांचं शून्य

सरकारी योजनेतून आलेल्या वस्तूचं गावात पहिल्या आठ दिवसांत काय होतं, यावर मी एक जाडजूड पुस्तक लिहू शकेन. नेसरीच्या पुढच्या एका गावात कृषी सहायक म्हणून माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा सोयाबीनवरच्या अळीचे पतंग पकडायला कामगंध सापळे आले होते. हिरवं प्लॅस्टिकचं नरसाळं, वर टोपी, खाली लांबलचक पिशवी आणि टोपीच्या पोटात अडकवायची रबराची एक बारकी गोळी. मी मोठ्या उत्साहानं ते गावभर वाटले. आठ दिवसांनी बघायला गेले, तर एका घरी त्या नरसाळ्यातून डिझेल ओतणं चाललं होतं, दुसऱ्या घरी पिशवीत शेवग्याच्या शेंगा होत्या आणि तिसरीकडे टोपीत कोंबड्या पाणी पीत होत्या. रबराच्या गोळीला मात्र कुणी हात लावला नव्हता, कारण तिचा घरात कशालाच उपयोग नव्हता.

मी चिडून परत निघाले होते. तेवढ्यात ओढ्याकडच्या एका रानात पाचही सापळे काठ्यांवर ताठ उभे दिसले. पिकापासून बरोबर फूटभर वर, मी सांगितलं होतं तसे. खाकी शर्टातला एक उंच म्हातारा, कानावर पेन्सिल, उकिडवा बसून वर्तमानपत्रावर काहीतरी निवडत होता. मी जोरात नमस्कार घातला. त्यांनी मान वर न करता पंजा दाखवून मला थांबवलं, ओठातल्या ओठात काही पुटपुटले, वहीत लिहिलं आणि मग म्हणाले, "हां, बोला आता. मधीच हाक मारली की सीट चुकतंय."

हे मल्लाप्पा. गाव त्यांना मल्लूआण्णा म्हणायचं. सगळा जन्म एसटीत कंडक्टरकी करून ते शेतीकडे परतले होते. नोकरी सुटली तरी मोजणं काही सुटलं नव्हतं. देवळात गेले तर पायऱ्या मोजायचे, पंगतीत बसले तर पानं मोजायचे. बायको गौराक्का भाकरी थापत असताना दारातून आकडा सांगायचे, आणि ती आतून म्हणायची, "मोजा, मोजा, आन् खाताना इसरा."

सापळ्यांना त्यांनी स्टॉपची नावं दिली होती. विहीर, चिंच, ओढा, भीमाचा बांध आणि शेवटचा नुसता 'डेपो'. सकाळी ठोक सातला ते घरातून निघत आणि याच क्रमानं फिरत. प्रत्येक पिशवीची खालची गाठ सोडायची, रात्रीत अडकलेले पतंग कागदावर ओतायचे, काडेपेटीतल्या काडीनं एकेक उलटा करून बघायचा. पुढच्या तपकिरी पंखांवर पांढऱ्या रेघांची जाळी आणि मागचे पंख पांढरे, तो आपला. बाकीच्यांना बाजूला सारत ते म्हणायचे, "ह्यो आपल्या गाडीचा न्हाय." मी त्यांना ही ओळख एकदाच करून दिली होती. महिन्याभरात तेच माझ्या चुका काढायला लागले.

भीमाचा बांध म्हणजे शेजारच्या भीमरावांचा बांध. दोघं एका वर्गात शिकलेले, एकाच मास्तरांच्या हातच्या छड्या खाल्लेले. सगळं गाव 'आण्णा' म्हणत असताना भीमराव मात्र चारचौघांत "ए मल्ल्या" अशी हाळी द्यायचे. आण्णांना त्यातच बरं वाटायचं. गौराक्का म्हणायची, घरी कुणी मल्लूआण्णा म्हणून हाक मारली तर ते बाहेर यायला वेळ लावतात, मल्ल्या म्हटलं की चप्पल न घालता जातात.

सापळ्यांची माहिती द्यायला मी दूध संस्थेत बैठक घेतली, ती अजून आठवली तरी कान गरम होतात. मी पुस्तकात होतं तसं बोलायला लागले. मादी पतंग नराला बोलवायला एक गंध सोडते, तसाच गंध कारखान्यात बनवून या गोळीत भरलाय, त्या वासानं नर येतात आणि नरसाळ्यात पडतात, वगैरे. कामगंध हा शब्द मी चारदा उच्चारला असेल. मागच्या रांगेतून खुसखुस सुरू झाली. मी तेवीस वर्षांची, कोल्हापूर शहरातली, आणि समोर सगळे काका-मामांच्या वयाचे. तेव्हा आण्णा उठले.

"हसतासा कशाला? ह्यात बाई न्हाय, बाईचा नुस्ता वास हाय. गडिंग्लजच्या बाजारात भज्याचा वास आला की गाडी लावून कोण कोण उतरतंय? मी वीस वर्सं बघितलंय. नावं सांगू का?"

नावं कुणालाच नको होती. बैठक शांत झाली. मग आण्णांनीच पुढचं सांगितलं, आणि माझ्यापेक्षा शंभर पटीनं बरं सांगितलं. "ह्यो सापळा पतंग संपवायला न्हाय. पतंग म्हंजे गाडीचा बोर्ड. अळी म्हंजे गाडी. आज पतंग वाढलं, म्हंजे अंडी पडणार, आन् आठ दिसांत अळी पानावर. बोर्ड वाचला तर गाडी चुकत न्हाय. आमी निस्तं बोर्ड वाचायचा." मी पुढची सगळी वर्षं हेच वाक्य माझ्या नावावर खपवलं.

तोवर गावात फवारणीची रीत साधी होती. शेजारच्या रानात पंप वाजला की आपला पंप पाठीवर. शेजाऱ्यानं का मारलं, हे विचारायचं नाही, कारण त्यानंही त्याच्या शेजाऱ्याचा पंप ऐकलेला असायचा. आण्णांनी दूध संस्थेच्या फळ्याचा उजवा कोपरा मागून घेतला आणि तिथं रोज पाच आकडे लिहायला सुरुवात केली. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-दहाच्या वर पतंग आले की ते खाली लाल खडूनं रेघ मारायचे. रेघ आली की फवारा, नाहीतर गप्प बसा. पहिल्या वर्षी लोक गप्प बसले ते विश्वासानं नव्हे, आळसानं. फवारणी टाळायला कारण मिळालं तर कुणाला नको आहे? पण पीक चांगलं आलं, आणि दुसऱ्या वर्षी लोक दुधाची फॅट बघायच्या आधी फळ्याचा कोपरा बघू लागले.

गोळ्यांची पाकिटं थंड जागी ठेवायची असतात. आण्णांनी ती आपल्या जुन्या तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत घालून पेटी फ्रिजमध्ये ठेवली. गौराक्कानं मला भर उन्हात बोलावून घेऊन तक्रार केली. "म्याडम, तुमीच सांगा. त्या पतंगाच्या बायकुचा वास माज्या दह्याला लागंल का न्हाय?" मी म्हटलं, पाकीट बंद आहे, माणसाला तो वास येतही नाही. ती म्हणाली, "न येणाराच वास वंगाळ असतुय." तिनं दही खालच्या कप्प्यात हलवलं आणि त्यानंतर फ्रिज उघडताना पदर नाकाला लावायची ती लावायचीच.

मलाही त्यांनी एकदा पकडलं. दर आठवड्याला आम्हाला किडीचा अहवाल भरावा लागतो. माझ्याकडे सहा गावं, एक जुनी स्कूटी. दोन गावं मी बघायची, बाकी चार गावांचे आकडे बसल्या जागी पडायचे. आण्णांनी माझ्या पॅडवरचा कागद वाचला. "पलीकडल्या गावात पाच पतंग. कुणी मोजलं?"

"अंदाजे आहे, आण्णा."

"अंदाज म्हंजे फुकट्या पॅसेंजर, म्याडम. बसलेला दिसतोय, पर वहीत न्हाय. चेकर आला की कुणाची नोकरी जाती?"

मला राग आला. सरकारी माणसाला खरं बोललेलं लगेच झोंबतं. पण दुसऱ्या दिवशी मी पलीकडच्या गावात गेले, तर सापळ्यात पाच पतंग नव्हते. सापळाच नव्हता.

मोजण्याच्या या खोडीवरून गाव त्यांची चेष्टा करायचं, तेव्हा ते जोतिबाची गोष्ट सांगायचे. चैत्राच्या यात्रेला खास गाडी घेऊन गेले होते. जाताना त्रेपन्न माणसं. परतताना सगळे गुलालानं असे माखलेले, की नवरा बायकोला ओळखेना. कागलला चहाला गाडी थांबली तेव्हा आण्णांनी मोजलं, तर चौपन्न भरले. पुन्हा मोजलं, पुन्हा चौपन्न. ड्रायव्हर म्हणाला, जाऊ दे, कमी तर नाही ना. आण्णांनी गाडी हलू दिली नाही. एकेकाला खाली उतरवून तोंडं धुवायला लावली. शेवटच्या बाकावर झोपलेला एक गुलाबी गृहस्थ जागा होऊन म्हणाला, "मुरगूड आलं व्हय?" आण्णा म्हणाले, "पावणं, मुरगूड न्हाय आलं, तुमीच आमच्यात आलाय." त्याला मुरगूडच्या गाडीत बसवून दिलं, तेव्हा कुठं घंटी वाजली. "न्हायतर गडी नेसरीला उतरला असता, आन् घरचं लोक डोंगरावर हुडकीत बसलं असतं," एवढं सांगून आण्णा डबी काढायचे.

ती डबी म्हणजे त्यांचं एकमेव व्यसन. एका बाजूला तंबाखू, एका बाजूला चुना. डाव्या तळव्यावर मळून, उजव्या अंगठ्यानं चोळून, दोन थापट्या मारून चिमूट ओठात. गौराक्का लग्नापासून ती सोडवायच्या मागे होती. डॉक्टरांनी सांगून झालं, जावयानं सांगून झालं. आण्णा सगळ्यांचं ऐकून घेत, आणि ऐकता ऐकता मळत असत.

तिसऱ्या हंगामात मी नव्या गोळ्या घेऊन गेले. तीन-चार आठवड्यांनी गोळीचा वास ओसरतो, तेव्हा ती बदलायची. बांधावर पाकिटं देताना मी म्हटलं, "आण्णा, हात स्वच्छ धुऊन लावा बरं का. हाताला उग्र वास नको."

ते मळतच होते. "म्याडम, ह्या अळीचं तुमच्या पुस्तकात नाव काय?"

"तंबाखूवरील पाने खाणारी अळी."

"मग? तिच्या म्हायेरचाच वास की ह्यो."

भीमराव हसले, मी तर पोट धरून हसले. आण्णांनी त्याच अंगठ्यानं पाचही गोळ्या अडकवल्या. मी बघत होते. मला पुस्तकातलं वाक्य पाठ होतं, आणि तरी मी हसत राहिले.

आदल्या आठवड्यात आकडे पाच, सहा असे चढत होते. नव्या गोळ्या लागल्या आणि एक आला. मग शून्य. मग पाची स्टॉपवर शून्य. रिमझिम चालू होती, म्हणून आम्ही म्हटलं, पावसानं पतंग उडत नसतील. आण्णांना चुटपुट लागली होती, ते दोनदा म्हणाले, "येवढं शून्य बरं न्हवं." पण मोजलेलं शून्य होतं, अंदाजाचं नव्हतं, म्हणून त्यांनी लिहिलं. गावानं पंप कोपऱ्यात ठेवले. मीही रानात उतरून पानं उलटी करून बघायची ती बघितली नाहीत. फळ्यावरचं शून्य मोबाइलवर टिपलं आणि अहवालात भरलं. कार्यालयात साहेब खूश झाले.

दहाव्या दिवशी सकाळी दूध घालायची गर्दी असताना भीमराव आले. हातात किटली नव्हती. सोयाबीनचं एक झाड मुळासकट उपटून आणलं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं. पानांची नुसती जाळी उरली होती, शिरा तेवढ्या शिल्लक.

"कंडक्टर," ते म्हणाले, "वाचा. तुमच्या शून्यानं माझं रान खाल्लं."

साठ वर्षांत भीमरावांनी आण्णांना अहो-जाहो केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आण्णांनी झाड उचललं, पान उलटं केलं, खालच्या बारक्या अळ्या बघितल्या आणि सरळ रानाकडे चालू लागले. त्या दिवशी सगळ्या गावानं फवारलं. बहुतेकांची रानं सावरली. ओढ्याकडेची भीमरावांची सखल पट्टी मात्र गेली.

मी माझ्या कॉलेजच्या सरांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "गोळी लावताना हाताला काय लागलं होतं?" मला आण्णांचा तंबाखू चोळलेला अंगठा आठवला.

आण्णांना सांगितलं, तर त्यांनी तेही मान्य केलं नाही. "ह्यो सरांचा अंदाज झाला. मोजायला पायजे." मग रानाच्या दोन टोकांना दोन सापळे लावले. एकात हात साबणानं धुऊन, पाकिटाच्या कागदातच धरून नवी गोळी अडकवली. दुसऱ्यात नेहमीसारखी तंबाखू मळून त्याच बोटांनी. पहिल्या सकाळी अकरा आणि शून्य. दुसऱ्या सकाळी नऊ आणि एक. तिसऱ्या सकाळी तेरा आणि शून्य. आण्णांनी तीनही दिवस दोन-दोनदा मोजलं. मग घरी जाऊन डबी गौराक्काच्या हातात दिली.

"ही टाक कुठंतरी."

गौराक्का डबीकडे बघतच राहिली. मग तिचा पारा चढला. "आईनं सांगितलं, डाक्टरनं सांगितलं, मी रडून सांगितलं. तवा न्हाय सोडली. आन् आता सोडली कुणासाठी? पतंगासाठी!" डोळे पुसत ती हे मला आठवडाभर सांगत होती.

दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात आकडे नव्हते. तिथं लिहिलं होतं, 'त्या दहा दिवसांचं शून्य चुकीचं. चूक माझी. मल्लाप्पा.' लोक वाचत होते, किटल्या पुढं सरकवत होते. कुणी च्चच्च केलं, कुणी तेही केलं नाही. मी दारात उभी होते. तंबाखूचं मला माहीत होतं, मी हसले होते, आणि शून्य उतरवून घेण्यापलीकडे मी काही केलं नव्हतं. यातलं एक अक्षर मी त्या सकाळी बोलले नाही. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

पुढच्या सकाळी संस्था उघडायच्या वेळेला जाऊन मी त्या ओळीखाली खडूनं लिहिलं, 'आणि माझीही. कृषी सहायक.' कुणीतरी फोटो काढला. दुपारपर्यंत तो तालुक्याला पोचला, संध्याकाळपर्यंत मला खुलासा मागवणारं पत्र आलं. आण्णांच्या कानावर गेलं तेव्हा ते स्वतः माझ्या खोलीवर आले.

"तुमी कशाला चढलासा माझ्या गाडीत?"

"तिकीट काढून चढलेय, आण्णा."

ते त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसले.

पण फळा काही पुन्हा चालेना. गावाचा राग ओरडून दिसला नाही, फळ्याकडे पाठ करून दिसला. पंप वाजला की पंप, ही जुनी रीत परत आली. औषधाच्या दुकानातून 'हप्त्याला एक' असा मंत्र मिळाला होता, तो चालू झाला. भीमराव बांधावर समोर आले तर "काय कंडक्टर" एवढं म्हणून पुढं जायचे. आण्णा मात्र रोज सातला निघत, मोजत, आणि साडेआठला फळ्यावर पाच आकडे लिहीत. आता खडूही घरून आणायचे. पीक निघेपर्यंत त्यांनी एक दिवस चुकवला नाही, आणि पुढच्या हंगामात पेरणी उगवून आल्यावर पुन्हा सुरुवात केली.

मला ते बघवत नव्हतं. एकदा मी म्हटलं, "आण्णा, कुणी वाचत नाही हो. कशाला एवढी पायपीट?"

"रिकामी गाडी बी टायमावर सोडाय लागती, म्याडम."

हे ते साधेपणानं म्हणाले, खडू पुसत. मी स्कूटीवर बसून ओढ्यापर्यंत गेले आणि तिथं थांबून रडले. तेवढ्यात एक बाई म्हैस घेऊन आली म्हणून आवरावं लागलं.

त्या हंगामात आकडे लहान होते. तीन, चार, दोन. आजूबाजूला पंप वाजतच होते. भीमरावांनी दोनदा फवारलं. आणि एका सकाळी आण्णा आकडे लिहून वळतात तो मागून भीमरावांचा आवाज आला, दूध संस्था दणाणून जाईल एवढा.

"कंडक्टर, खोटं लिवतासा! भीमाच्या बांधावर तीन न्हाईत. पाच हाईत."

सगळ्या किटल्या थांबल्या. आता उरलंसुरलंही जाणार, असं मला वाटलं.

आण्णांनी सावकाश विचारलं, "तुला कसं कळलं?"

"मोजलं की."

"कवा?"

"तुमच्या आधी. साडेसहाला."

"आजच?"

भीमरावांनी टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "पंधरा दिस झालं."

"तरीच गाठ उलटी बसती रोज," आण्णा म्हणाले. "मी गौरीला म्हंतोय, कोल्हं याय लागलंय का काय."

कुणीतरी फिसकन हसलं. आण्णांनी पिशवीत गुंडाळून आणलेला कागद टेबलावर उलगडला. बांधावरचे पाच पतंग होतेच. काडीनं एकेकाचा पंख उचलून त्यांनी दाखवलं. तिघांचे मागचे पंख पांढरे होते. दोघांचे मळकट पिवळे. "ही दोन दुसऱ्या गाडीची. सीटा पाच, आपल्या तीन. तुझं मोजणं बरोबर हाय भीमा, वळख चुकली." भीमराव वाकले. चष्मा कपाळावर चढवून एका पतंगाच्या इतके जवळ गेले, की त्यांच्या श्वासानं तो हलला. मग त्यांनी मान वर केली.

"मग मला वळखाय शिकीव की, मल्ल्या."

आण्णांनी खिशात हात घातला, डबी शोधायला, सवयीनं. डबी नव्हती. त्यांचे डोळे भरले होते, आणि हाताला करायला काहीच नव्हतं. शेवटी त्यांनी काडी भीमरावांच्या हातात दिली.

त्या दिवसापासून सातला दोघं निघू लागले. मग दूध घालायला येणाऱ्या दोघीतिघी म्हणाल्या, आमच्याही रानात लावा. मग आणखी चौघं. कोंबड्यांचं पाणी आणि शेवग्याच्या शेंगा बाजूला सारून जुने सापळे धुऊन बाहेर निघाले. फळ्याचा कोपरा पुरेना, तेव्हा अर्धा फळा घेतला. श्रावण संपताना आकडे एकदम चढले, तीन दिवस खाली आले नाहीत, आणि लाल रेघ पडली. सगळ्या गावानं एकाच दिवशी फवारलं, एकदाच. त्या वर्षी ओढ्याकडेच्या पट्टीतलं सोयाबीन भीमरावांनी मला मुद्दाम नेऊन दाखवलं, जणू मीच पेरलं होतं.

पुढच्या हंगामात माझी बदली पन्हाळ्याकडे झाली. निघायच्या आदल्या सकाळी मी दूध संस्थेत निरोप घ्यायला गेले. नारळ, शाल असं काहीतरी असेल, अशी मनात आशा होती, खोटं कशाला बोला. तिथं कुणाचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. टेबलाभोवती दहा-बारा डोकी जमली होती आणि आत भांडण चालू होतं.

आण्णांनी ओढा स्टॉपला नऊ लिहिले होते. भीमराव म्हणत होते, आठ. "ह्यो बग. मागचा पंख बग. पांढरा दिसतोय त्यो उजेडानं. सावलीत धर."

आण्णांनी पतंग सावलीत धरला. चष्मा पुसून पुन्हा धरला. काडीनं उलटा केला, सुलटा केला. मला वाटलं, आता ते काहीतरी टोला देणार. ते म्हणाले, "मळकट हाय. माझं चुकलं. पूस नऊ."

भीमरावांनी नऊ पुसले, आठ लिहिले, आणि बारा माणसांनी मान डोलावली. चूक निघाल्याचा इतका आनंद मी कुणाच्याही तोंडावर बघितलेला नाही. आण्णा एकेकाकडे बघत होते, सगळे फळा वाचताहेत ना, हे बघत.

मग माझ्याकडे लक्ष गेलं. नारळ आला, गौराक्कानं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला, सगळं झालं. मी स्कूटीला किक मारली तेव्हा मागे भीमराव विचारत होते, "उद्या किती वाजता रे?"

"सातला. येळ झाला तर मी थांबणार न्हाय."

"थांबतोस की. कालबी थांबलावतास."

"काल चप्पल सापडत नव्हती," आण्णा म्हणाले, आणि बाराही जण हसले.